कर्त्यावाचूनचे टाचण

'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळाची, संस्थेची वा महाविद्यालयीन विभागाची इतिवृत्ताची वही उघडावी. पहिला ठराव बहुधा हाच असतो. वाक्य इतके ठरीव झाले आहे की लिहिणाऱ्याचा हात ते आपोआप लिहितो आणि वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरतो. तरीही या वाक्यात एक लहानसा विधी जपलेला आहे. कोणा एकाने लिहिलेले सर्वांसमक्ष वाचले जाते. आपले म्हणणे चुकीचे नोंदले गेले असे ज्याला वाटते तो तसे सांगतो. शाईने दुरुस्ती होते, तिच्यापुढे सही होते. आणि मगच ते लेखन 'कायम' होते. बोललेल्याचे लिहिलेले होण्याच्या वाटेवर उभारलेली ही चौकी आहे. बैठकीतले बोलणे ऐकून आपोआप टाचण काढून देणारे सॉफ्टवेअर ही चौकी उठवू पाहते, आणि आपण भाषेची अध्यापक मंडळी कौतुकाने बघत उभे आहोत. प्रस्तुत लेख त्या कौतुकाविरुद्ध आहे.

प्रसंग घरचाच सांगतो. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांची परवानगी घेतली आहे. गेल्या वर्षी आमच्या विभागाची बैठक होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची फेरमांडणी सर्वत्र चालू आहे, तशी आमच्याकडेही होती. पदव्युत्तर वर्गाला महानुभाव गद्याची एक स्वतंत्र अभ्यासपत्रिका होती. विद्यार्थी थोडे, श्रेयांकांचा हिशेब जुळेना, तेव्हा ती 'मध्ययुगीन वाङ्मयाचा परिचय' या पत्रिकेत विलीन करावी, असा प्रस्ताव होता. ती पत्रिका बावीस वर्षे शिकवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी अर्धा तास काही बोलले नाहीत. शेवटी अध्यक्षांनीच विचारले, "सर, तुमचं काय म्हणणं?" सर म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच आहे, तर होऊ द्या. आमचं काय!" आणि चष्मा काढून पुसू लागले. खोलीत कोणीच कोणाकडे बघेना. टेबलावर पालथा ठेवलेला एक फोन मात्र ऐकत होता.

बैठक संपून चहा येण्याआधी सर्वांच्या फोनवर इतिवृत्त आले. स्वच्छ, मुद्देसूद, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवाचून. 'ज्येष्ठ सदस्यांनी प्रस्तावास पाठिंबा दर्शविला. प्रस्ताव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. पुढील कार्यवाही: अभ्यासमंडळाकडे शिफारस पाठविणे.' मंडळी खूश झाली. एरवी हे काम विभागातल्या सर्वांत नव्या अध्यापिकेच्या गळ्यात पडते आणि आठ-आठ दिवस रेंगाळते. इथे दोन मिनिटांत काम फत्ते.

यात गंमत अशी की यंत्राने एकही शब्द चुकीचा ऐकला नव्हता. 'होऊ द्या' हे शब्द उच्चारले गेलेच होते. पण 'आमचं काय!' हा पाठिंबा नव्हे, हे मराठीत वाढलेले शेंबडे पोरही सांगेल. ते दुःख होते, निषेध होता, आणि आपल्या निषेधाला किंमत उरलेली नाही याची जाणीवही होती. मराठी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा तो बहुधा नकार देत असतो. 'बरं' या एका शब्दाचे सुरानुसार होकार, रुकार, नाराजी, उपरोध आणि धमकी असे पाच अर्थ तरी होतात. हे व्याकरणात सांगितलेले नसते. ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाच्या गप्प बसण्यात, आणि ऐकणाऱ्याच्या त्याच्याशी असलेल्या ओळखीत असते.

या सॉफ्टवेअरचे काम दोन पायऱ्यांनी चालते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या पायरीवर आवाजाचे शब्द होतात. दुसऱ्या पायरीवर त्या शब्दांचा सारांश होतो: चर्चेतील मुद्दे, निर्णय, पुढील कार्यवाही, जबाबदारी कोणाची. चेष्टा होते ती पहिल्या पायरीवरच्या चुकांची. आडनावाची मोडतोड होते, 'ओवी'चे 'हवी' होते, आपण हसतो आणि यंत्र अजून कच्चे आहे असे म्हणून सोडून देतो. या चुका उघड दिसतात, म्हणून त्या फारशा धोक्याच्या नाहीत. दुसऱ्या पायरीवरची चूक सुवाच्य असते. ती शुद्ध मराठीत येते आणि इतिवृत्ताच्या ओळखीच्या घाटात बसते. पहिली पायरी जसजशी सुधारेल तसतशी दुसरीवरची चूक अधिक विश्वासार्ह दिसू लागेल. यंत्र सुधारल्यावर प्रश्न सुटेल, हा भाबडेपणा म्हणून सोडून द्यावा.

या घाटाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तो आपणच यंत्राच्या हाती दिला आहे. 'ठरविण्यात आले', 'निदर्शनास आणून देण्यात आले', 'समाधान व्यक्त करण्यात आले'. कार्यालयीन मराठीने कर्ता लपवण्याची ही कला दीर्घकाळ जोपासली. कोणी ठरवले? कोणी निदर्शनास आणले? समाधान नेमके कोणाला झाले? वाक्यरचना या प्रश्नांना दारातच अडवते. तरीही माणसाने लिहिलेल्या वहीत हा लपलेला कर्ता कुठेतरी सापडायचा. हस्ताक्षर असायचे, खाली सही असायची, खाडाखोड असायची. 'हे तुम्ही लिहिलंत, तसं झालं नव्हतं,' असे ज्याला म्हणता येईल असा एक इसम गावात राहात असायचा. यंत्राच्या टाचणात कर्ता लपलेला नसतो, तो नसतोच. आपल्या कार्यालयांनी इतकी वर्षे ज्याची तालीम केली ते कर्त्यावाचूनचे वाक्य आता शब्दशः खरे ठरले आहे.

महाभारताच्या लेखनाची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. माझी लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेतून परिशिष्टात काढली, हेही खरे. पण कोणा अनामिक सूताला वा लेखनिकाला ती रचावीशी वाटली, याचे कारण उघड आहे. लेखनाच्या दोन प्रतिज्ञा असतात आणि त्या एकमेकींना लगाम घालतात, हे त्याला ठाऊक होते. न थांबण्याची अट यंत्राने गणपतीपेक्षाही चोख पाळली आहे. दुसरी अट त्याला कोणी घातलीच नाही, आणि घातली तरी ती पाळली गेली की नाही हे तपासायला व्यास बैठकीत बसलेले नाहीत.

आता ज्या ग्रंथाची पत्रिका त्या दिवशी विलीन झाली त्याकडे वळतो. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण 'लीळाचरित्र' शिकवतो. पण तो मुळात आहे काय? चक्रधरस्वामी बोलले, चालले, जेवले, रागावले, हसले. ते गेल्यानंतर तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी ती लीळा पाहिली वा ऐकली होती त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवून ती लिहून काढली. म्हणजे आपल्या गद्याचा आरंभ टाचणातून झाला आहे. मौखिक संभाषणाची नोंद हीच आपली गद्याची गंगोत्री आहे. तेव्हा टाचण हे हलके, कारकुनी काम आहे आणि ते यंत्राने केले म्हणून काही बिघडत नाही, असे निदान मराठीच्या अध्यापकाने तरी म्हणू नये.

म्हाइंभटांची रीत अधिकच बोलकी आहे. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर काय करायचे? दोन्हींचा मध्य काढायचा, की बहुमत बघायचे? महानुभावांनी यातले काहीच केले नाही. भिन्न आठवण भिन्न म्हणूनच नोंदली गेली. अशा पाठाला त्यांनी 'वासना' ही संज्ञा दिली. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली आणि पाठभेद आणखी वाढले. तेही पंथाने सांभाळले. ज्या पंथासाठी स्वामींचा शब्द हा परमेश्वराचा शब्द होता, त्या पंथाला तर एकच निर्विवाद संहिता तयार करण्याचा मोह सर्वांत जास्त व्हायला हवा होता. तो त्यांनी आवरला. सांगणाऱ्याचे नाव पुसून मिळणारी एकवाक्यता त्यांना नको होती.

सारांश काढणारे यंत्र याच्या नेमके उलट वागते. ते वासना मिटवते. दोघे दोन गोष्टी म्हणाले तर 'विविध पैलूंवर सखोल चर्चा झाली' असे लिहून मोकळे होते. मतभेद ही त्याच्या लेखी वाटेतली खळगी आहे. निर्णयाच्या गाडीला धक्का बसू नये म्हणून ती बुजवायची असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असे दुसरे उदाहरण परदेशातले आहे. सोस्यूरने भाषाशास्त्राचा तो विख्यात ग्रंथ लिहिलाच नाही. त्याने १९०७ ते १९११ या काळात जिनिव्हात तीन व्याख्यानमाला दिल्या, १९१३ मध्ये तो वारला, आणि १९१६ मध्ये बाली व सेशे या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ग्रंथ सिद्ध केला. हे दोघे त्या व्याख्यानांना स्वतः हजर नव्हते. त्यांनी वह्यांतले भेद मिटवून एकसंध, प्रवाही पुस्तक केले, आणि विसाव्या शतकाच्या विचारावर त्या पुस्तकाचा केवढा ठसा उमटला हे आपण जाणतोच. पण पुढे अभ्यासकांना त्या एकसंधपणाचाच संशय आला. रुडॉल्फ एंगलरने चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा विद्यार्थ्यांची टाचणे शेजारी शेजारी स्तंभांत छापली. म्हणजे सोस्यूरचा अभ्यासही अखेर वासनांपाशीच आला. आणि बाली-सेशे यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: त्यांनी प्रस्तावनेत आपण काय केले ते सांगितले, त्याची जबाबदारी घेतली आणि खाली नावे घातली. म्हणूनच त्यांच्याशी भांडता आले, आणि वह्या शिल्लक होत्या म्हणून ते भांडण पुराव्यानिशी करता आले.

या वह्यांच्या शिल्लक असण्याला फार महत्त्व आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानुसार डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणाचे टाचण करणारे नाब्ला कंपनीचे साधन ३०,००० हून अधिक वैद्यकीय व्यावसायिक वापरत होते, आणि मूळ ध्वनिमुद्रण विदासुरक्षेच्या कारणास्तव पुसून टाकले जात होते. रुग्णाचा खाजगीपणा जपण्याचा हेतू चांगलाच. परिणाम मात्र असा की टाचण उरते आणि ज्यावरून ते पडताळायचे ते उरत नाही.

त्या साधनाच्या मुळाशी ओपनएआय कंपनीचे 'व्हिस्पर' होते. सप्टेंबर २०२२ मध्ये खुले झालेले हे ध्वनिलेखन-प्रारूप ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर घडवलेले आहे. त्यात इंग्रजीखेरीज ९६ भाषांच्या लेखनाच्या वाट्याला मिळून आले १,१७,००० तास. बाकीचा फार मोठा भाग इंग्रजीचा. २०२४ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी या प्रारूपाला वाचाघाताने बोलणे अडखळलेल्या व्यक्तींची आणि तसा त्रास नसलेल्यांची मुद्रणे ऐकवली. सुमारे एक टक्का उताऱ्यांत कोणी उच्चारलीच नव्हती अशी अख्खी वाक्ये वा वाक्यांश निघाले. त्यांपैकी ३८ टक्के अपायकारक स्वरूपाचे होते, म्हणजे हिंसेचे उल्लेख, नसलेले संबंध, खोटा अधिकार वगैरे. हे प्रमाण वाचाघात झालेल्यांच्या बाबतीत अधिक होते, आणि त्याचा संबंध संशोधकांनी त्यांच्या बोलण्यातील दीर्घ विरामांशी लावला. ज्याला शब्द सापडायला वेळ लागतो त्याच्या तोंडी यंत्र आपले शब्द घालते! नंतरच्या आवृत्त्यांत हे प्रमाण खाली येईल, आलेही असेल. पण शांतता म्हणजे भरून काढायची रिकामी जागा, ही समजूत त्यातून उघडी पडली ती पडलीच. आमच्या बैठकीत यंत्राने अर्धा तासाची शांतता भरली नाही, वगळली. दोन्हींचा अर्थ एकच: मौनाला नोंदीत जागा नाही, आणि असलीच तर 'मौन म्हणजे संमती' या जुन्या, सोयीस्कर न्यायाने. वर्गात, घरात, सभेत गप्प बसण्याची पाळी आपल्याकडे कोणावर येत आली आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या न्यायाची क्रूरता वेगळी सांगायला नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माणसाची लेखणी तरी कोठे निष्पाप होती? 'कलमकसाई' हा शब्द मराठीने उगाच घडवलेला नाही. गावचे दप्तर पिढ्यान् पिढ्या कुलकर्ण्याच्या घरात राहिले. निरक्षर कुणब्याने काय कबूल केले आणि कागदावर काय उतरले यातले अंतर किती असे, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये पोटतिडिकीने मांडले. कुलकर्णी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५० साल उजाडावे लागले. मग जात नसलेली, लाच न खाणारी, कोणाची सोयरीक नसलेली लेखणी मिळत असेल तर ती नाकारणारा तू कोण? शिवाय ज्यांना ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान चालू असताना अक्षरे उमटतात, हा केवढा मोठा दिलासा आहे! आणि टाचणाचे ओझे दरवेळी नव्या, तरुण, बहुधा स्त्री-सहकाऱ्याच्या माथी मारणारे तुम्ही नीतीच्या गोष्टी कशाला सांगता?

शेवटचे दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. ऐकू न येणाऱ्यासाठी उमटणारी अक्षरे ही पहिल्या पायरीची सेवा आहे; ती जरूर असावी, अधिक चांगली व्हावी. टाचणाचे काम पाळीपाळीने सर्वांनी करावे, विभागप्रमुखांनीही. पहिल्या मुद्द्याचे मात्र तसे नाही. यंत्राच्या लेखणीला जात नाही, हे खरे नव्हे. अमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या ध्वनिलेखन-प्रणाली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. ज्यांचे बोलणे साठवले गेले त्यांचे यंत्राला कळते. ज्यांचे साठवले गेले नाही त्यांचे कळत नाही. यात मनुष्याचा द्वेष नाही, पण फळ तेच आहे. आणि फुल्यांविषयी म्हणाल तर त्यांचा असूड कोणाच्या तरी पाठीवर पडू शकत होता. त्यांना बोट दाखवता आले: हा माणूस, ही वही, ही सही. कुलकर्ण्याची सत्ता मोडता आली, कारण ती कुलकर्ण्याची होती. आपल्या गावच्या सभेचे टाचण चुकले तर आज नांगर धरणाऱ्याने कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' नावाचे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण त्याला द्यायचे, म्हणजे ते सभेचे इतिवृत्त तयार करून देते. शासनाच्या 'भाषिणी' या भाषातंत्रज्ञान-प्रकल्पाचा त्याला आधार आहे आणि मराठीसह प्रमुख भारतीय भाषांत ते चालते. हेतूवर शंका घेत नाही. ग्रामसेवकाच्या डोक्यावर कामाचे डोंगर असतात, कोरम कागदावर पुरा होतो, न भरलेल्या सभेचे इतिवृत्त भरलेल्या सभेइतकेच ठसठशीत असते, हे आपण जाणतो. सभा खरोखर भरली होती एवढे जरी मुद्रणाने सिद्ध झाले तरी ते मोठे काम होईल. मुद्रण जरूर करा आणि ते जपून ठेवा. माझा आक्षेप 'सार' या शब्दाला आहे.

ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. सरपंच माइकपाशी असतो. बायका दाराजवळ, भिंतीला टेकून बसलेल्या. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, हे एक बाई शेजारणीला सांगते, शेजारीण ते मोठ्याने विचारते, मागून दोघे एकदम बोलतात, कोणी हसते, कोणी 'गप ए' म्हणते. एकात एक मिसळलेले आवाज वेगळे करणे हे या तंत्रज्ञानाला सर्वांत अवघड जाणारे काम आहे, आणि ग्रामसभेत खरे बोलणे बहुतेक एकात एक मिसळूनच होते. वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत होते. गडचिरोलीकडे ते गोंडीत होते. २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. एकाचेही समाधान झाले नसेल तर निर्णय थांबतो आणि बोलणे पुढे चालू राहते. तिथे 'सर्वानुमते' या शब्दामागे अनेक सभांचे बोलणे असते. यंत्राने आमच्या विभागासाठी तोच शब्द दोन मिनिटांत छापून दिला.

वर्गाविषयी थोडक्यात. एक विद्यार्थिनी परवा म्हणाली, "सर, तुम्ही बोला, फोन लिहून घेतोय." ती खोडसाळपणे बोलली नव्हती, आणि तिला रागावण्याचा मला अधिकारही नव्हता, मुले टाचण काढत नाहीत याचे एक कारण आम्ही वर्षानुवर्षे त्याच नोट्स वाचून दाखवतो हे आहे. तरीही तिला जे सांगितले ते इथे सांगतो. टाचण काढणे म्हणजे ऐकता ऐकता निवड करणे. काय सोडायचे हे ठरवताना आपण वाचक होतो. एकाच व्याख्यानाच्या वीस वह्या वीस तऱ्हेच्या असतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या एकमेकींशी ताडून पाहताना मुले नकळत पाठचिकित्सा शिकतात. सर्वांच्या फोनवर एकच टाचण आले की ताडायला काही उरत नाही. मग 'वासना' ही संज्ञा फळ्यावर लिहून तिची व्याख्या सांगावी लागते, आणि मुले ती लिहून घेतात. किंवा फोन घेतो.

तेव्हा मागणे असे आहे. ध्वनिमुद्रण असो, ध्वनिलेखनही असो. पण निर्णयाचे इतिवृत्त माणसाने लिहावे, स्वतःच्या नावाने लिहावे, आणि होता होईल तो कर्तरी प्रयोगात लिहावे. विरोध आणि तटस्थता नावानिशी नोंदवावी. 'काही बोलले नाहीत' हीही नोंद असते, ती करावी. इतिवृत्त सर्वांसमोर वाचून कायम होईपर्यंत मूळ मुद्रण पुसू नये. आणि आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात. सातशे वर्षांपूर्वी, छापखाना नसताना, पोथ्या घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांना हे जमले होते.

आमच्या विभागाची पुढची बैठक दीड महिन्याने झाली. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय आला तेव्हा मी उठून म्हणालो की सरांनी पाठिंबा दिला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "अहो, वाद कशाला, रेकॉर्डिंग आहे की!" नव्या अध्यापिकेने शोधले. ते तीस दिवसांनी आपोआप पुसले गेले होते. सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "जाऊ द्या हो." टेबलावरचा फोन ऐकत होता, आणि चहा येण्याआधी नवे इतिवृत्त आले: 'सदर आक्षेप मागे घेण्यात आला.'

कपाटात विभागाची जुनी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही अजून आहे. ती काढून मी तिच्यात लिहिले की सर त्या दिवशी अर्धा तास गप्प बसले होते, नंतर काय म्हणाले, आणि कोणत्या सुरात म्हणाले. शेजारी लिहिले की ही माझी आठवण आहे, इतरांची वेगळी असल्यास त्यांनी खाली लिहावी. मग सही केली आणि तारीख घातली. खाली अजून कोणी काही लिहिलेले नाही. मी दोन ओळींची जागा सोडली आहे.